नागरिक विज्ञानाच्या प्रकल्पात एआय कुठे बसवायचं, कुठे नाही

कॅमेरे, ध्वनिमुद्रक आणि दुर्बिणी जेवढी सामग्री गोळा करतात तेवढी तपासायला संशोधक पुरत नाहीत, म्हणून स्वयंसेवक आले. २००७ साली सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पात पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त लोकांनी दीर्घिकांच्या आकाराबद्दल पाच कोटींहून जास्त उत्तरं दिली. आता स्वयंसेवकही पुरत नाहीत, म्हणून एआय आलं. इथवर कोणाचा वाद नसतो. मॉडेल नेमकं कुठल्या पायरीवर बसवायचं, त्याचं उत्तर स्वयंसेवकाला दाखवायचं का, आणि मॉडेलने बाजूला काढलेलं पुन्हा कोण बघणार, हे न ठरवताच काम सुरू होतं आणि तिथेच प्रकल्प फसतो.

खालच्या पायऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप चालू होणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोंचं उदाहरण धरून लिहिल्या आहेत. आवाज किंवा आकाशाची छायाचित्रं असली तरी क्रम तोच राहतो.

## आधी श्रमांचा हिशेब

टांझानियातल्या स्नॅपशॉट सेरेंगेटी प्रकल्पात २२५ कॅमेरे होते. फोटो रांगेतून कधी काढायचा याचे तिथले नियम आजही नमुना म्हणून वापरण्यासारखे आहेत: पहिल्या पाचही जणांनी 'काही नाही' म्हटलं तर फोटो रिकामा, एकूण दहा जणांनी 'काही नाही' म्हटलं तरी रिकामा, दहा जणांनी एकच प्राणी सांगितला तर एकमत, आणि यातलं काहीच घडलं नाही तर २५ उत्तरांनंतर थांबायचं. अशा एकमताची तज्ज्ञांच्या उत्तरांशी तुलना केली तेव्हा प्रजातीची ओळख ९६.६ टक्के वेळा बरोबर निघाली.

आता समजा तुमच्याकडे १,००,००० फोटो आहेत आणि त्यातले ७५ टक्के रिकामे आहेत. वाऱ्याने हललेलं गवतही कॅमेऱ्याला चालू करतं, त्यामुळे हे प्रमाण अजिबात अवाजवी नाही. रिकाम्याला ५ आणि प्राणी असलेल्या फोटोला सरासरी १२ उत्तरं धरली तर ३,७५,००० अधिक ३,००,००० म्हणजे ६,७५,००० उत्तरं लागतात. एका उत्तराला १० सेकंद धरले तर १,८७५ तास.

मॉडेलने ६०,००० रिकामे फोटो आधीच बाजूला काढले तर काम ३,७५,००० उत्तरांवर येतं. प्रजाती ओळखणाऱ्या मॉडेलचं मतही हिशेबात धरलं आणि त्यामुळे १५,००० सोपे फोटो दोनच उत्तरांत संपले, तर २,२५,००० उत्तरं उरतात, म्हणजे ६२५ तास. श्रम एक तृतीयांशावर आले. तुमचं प्रमाण वेगळं असेल; कुठलेही ५०० फोटो यादृच्छिक निवडून रिकाम्यांचं प्रमाण मोजा आणि हाच हिशेब पुन्हा मांडा. एकूण फोटो पाच-दहा हजारच असतील तर मॉडेलच्या नादी न लागणं उत्तम. ते शिकवायला आणि तपासायला जेवढा वेळ जाईल तेवढ्यात स्वयंसेवक काम संपवतील.

## मोहरबंद संच

मॉडेलला हात लावण्यापूर्वी, त्याची शेवटची परीक्षा घेण्यासाठी सुमारे १,००० फोटो वेगळे काढा. निवड यादृच्छिक हवी, पण प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक महिना आणि दिवस-रात्र यांचं प्रमाण राखून. दोन तज्ज्ञांनी एकमेकांची उत्तरं न बघता ते ओळखायचे आणि जिथे मतभेद होईल तिथे तिसऱ्याने निर्णय द्यायचा. दोन तज्ज्ञांमध्ये किती वेळा मतभेद झाला तेही नोंदवून ठेवा. तज्ज्ञच १०० पैकी ६ फोटोंवर भांडत असतील तर मॉडेलकडून ९९ टक्क्यांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

हा संच प्रशिक्षणात कधीही वापरायचा नाही. दुर्मीळ प्रजातींचे फोटो मुद्दाम शोधून आणलेत तर त्यांचा दुसरा संच करा. ते पहिल्यात मिसळले की एकूण अचूकतेचा आकडा निरर्थक होतो.

## फाइलींची तयारी

कॅमेरा एकदा चालू झाला की सहसा तीन फोटो काढतो. ते तीन मिळून एक घटना धरा आणि स्वयंसेवकाला एकत्र दाखवा. एका फोटोत शेपूटच दिसते, पुढच्यात अख्खा प्राणी असतो. दोन घटनांमधलं वेळेचं अंतर किती धरायचं हेही आत्ताच ठरवून लिहून ठेवा.

घड्याळं तपासा. बॅटरी बदलताना कॅमेऱ्याची तारीख मूळ स्थितीला गेली की पुढच्या सगळ्या नोंदी चुकतात. कॅमेरा लावताना आणि काढताना बरोबर वेळ लिहिलेल्या पाटीचा फोटो घेतला असेल तर चूक नंतर दुरुस्त करता येते, नाहीतर तो काळ टाकून द्यावा लागतो.

फोटोच्या खालच्या कडेला तारीख, तापमान आणि कॅमेऱ्याचं नाव छापलेली पट्टी असते. प्रशिक्षणाआधी ती कापून टाका. मॉडेल तीही वाचायला शिकतं: एका कॅमेऱ्यासमोर सतत हरणंच आली असतील तर प्राण्याकडे न बघता पट्टीवरून 'हरीण' म्हणू लागतं.

माणसं दिसणारे फोटो सार्वजनिक संकेतस्थळावर जाण्याआधीच वेगळे काढा आणि फाइलीत दडलेले अक्षांश-रेखांश पुसून टाका. झूनिव्हर्ससारख्या, स्वयंसेवकांकडून ओळख करून घेणाऱ्या मंचावर चढवताना फोटो १ एमबीपेक्षा लहान करावा; रुंदी १,२०० पिक्सेलच्या आसपास ठेवली तर बहुतेक प्राणी नीट ओळखता येतात. मूळ फाइली मात्र जशाच्या तशा जपून ठेवायच्या.

## पहिली चाळणी: काहीतरी आहे की नाही

प्रजाती ओळखण्याआधी 'फोटोत काही आहे का' एवढंच विचारा. यासाठी मेगाडिटेक्टर हे मोफत मॉडेल आहे. ते प्राणी, माणूस आणि वाहन या तीनच गोष्टी शोधून त्यांच्याभोवती चौकट काढतं. प्रजाती सांगत नाही, आणि म्हणूनच नव्या प्रदेशातही बऱ्यापैकी चालतं.

प्रत्येक चौकटीसोबत ० ते १ मधला गुण येतो. कुठल्या गुणापासून 'आहे' म्हणायचं ती मर्यादा स्वतःच्या फोटोंवर ठरवा. पाचव्या आवृत्तीत सुरुवात ०.२ च्या आसपास करतात. चौथ्या आवृत्तीत हीच मर्यादा ०.८ च्या जवळ असायची. जुन्या प्रकल्पाची मर्यादा नव्या आवृत्तीला चिकटवली की हजारो प्राणी रिकाम्यांच्या ढिगात जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

उलटी चूकही होते. एखादा दगड किंवा वाळकं खोड मॉडेलला प्राणी वाटतं आणि त्याच कॅमेऱ्याच्या शेकडो फोटोंत त्याच जागी चौकट येते. एकेका कॅमेऱ्याच्या चौकटी जागेनुसार एकत्र करा. एकाच ठिकाणी २०-३० वेळा चौकट आली असेल तर माणसाने एकदा बघून निर्णय घ्यावा. तिथे प्राणी झोपलेलाही असू शकतो, त्यामुळे हा निर्णय आपोआप होऊ देऊ नका.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. मॉडेलने रिकामे ठरवलेल्या ६०,००० फोटोंतून यादृच्छिक ६०० काढा आणि माणसांकडून तपासून घ्या. त्यात एकही प्राणी सापडला नाही, तरी चुकलेल्यांचं प्रमाण शून्य आहे असं म्हणता येत नाही. तीन भागिले तपासलेली संख्या, म्हणजे ३/६०० = ०.५ टक्के, ही ९५ टक्के खात्रीने सांगता येणारी वरची मर्यादा. ६०,००० वर ती ३०० फोटो होते. तुमचं संशोधन मोठ्या, नेहमी दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांवर असेल तर ३०० सोडून देता येतील. एखाद्या छोट्या निशाचर प्रजातीवर असेल तर हे ३०० फोटो म्हणजे तिच्या जवळजवळ सगळ्या नोंदी असू शकतात. तेव्हा रात्रीच्या फोटोंची मर्यादा आणखी खाली आणा. सरपटणारे प्राणी, कॅमेऱ्याला चिकटून गेलेली नुसती केसाळ पाठ आणि धुकं, इथे हमखास चुकतं.

## प्रजाती ओळखणारं मॉडेल

शून्यापासून मॉडेल बनवू नका. आधीच लाखो चित्रांवर शिकलेलं रेसनेट-५० किंवा एफिशियंटनेट घ्या, चौकटीतला प्राणी कापून २२४ × २२४ पिक्सेलचा करा आणि त्यावर पुढचं प्रशिक्षण द्या. आधी फक्त शेवटचा, म्हणजे उत्तर देणारा थर ३ ते ५ फेऱ्या (एक फेरी म्हणजे प्रशिक्षणाचे सगळे फोटो एकदा), शिकण्याचा दर ०.००१, मग सगळे थर मोकळे करून १० ते २० फेऱ्या, दर ०.०००१. सुरुवातीला एवढं पुरतं.

प्रत्येक प्रजातीचे निदान १५०-२०० फोटो हवेत आणि ते निदान दहा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे हवेत. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. एकाच कॅमेऱ्याचे २,००० फोटो म्हणजे त्याच झुडपाची दोन हजार चित्रं. नेहमीच्या प्रजातींना १,५०० च्या आसपास थांबवा, नाहीतर मॉडेल शंका आली की त्यांचंच नाव घेतं. ज्यांचे फोटो कमी आहेत त्या प्रजाती 'लहान मांजरवर्गीय' अशा गटात टाका आणि पुढची ओळख माणसांवर सोडा.

प्रशिक्षण आणि चाचणी यांची विभागणी कॅमेऱ्यांनुसार करा. फोटो सरसकट मिसळून ८०-२० असे वाटले तर एकाच घटनेतला पहिला फोटो प्रशिक्षणात आणि दुसरा चाचणीत जातो, आणि अचूकता भलतीच छान दिसते. २०१८ साली स्नॅपशॉट सेरेंगेटीच्या ३२ लाख फोटोंवर शिकवलेल्या मॉडेल्सनी ४८ प्रजाती ९३.८ टक्के अचूकतेने ओळखल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, न बघितलेल्या जागेवरच्या कॅमेऱ्यांवर मॉडेलच्या चुका किती वाढतात हे दाखवून दिलं गेलं. तुमचा पुढच्या वर्षीचा कॅमेरा नव्या जागी असणार असेल तर कामाचा आकडा न बघितलेल्या कॅमेऱ्यांवरच्या चाचणीतूनच येतो.

स्वयंसेवकांची मतं विभागली गेली असतील तर बहुमताचं एकच लेबल करून बाकीची मतं फेकू नका. दहापैकी सहा 'कोल्हा', चार 'कुत्रा' ही माहितीच आहे. गॅलेक्सी झूच्या झूबॉट मॉडेलला दीर्घिकेचा एकच प्रकार शिकवला गेला नाही. स्वयंसेवकांची मतं कशी विभागली जातील याचा अंदाज करायला शिकवलं गेलं. अवघड फोटो अवघड आहे हे त्यामुळे मॉडेललाही कळतं.

## मॉडेलच्या खात्रीवर किती विश्वास

मॉडेल ०.९५ म्हणतं याचा अर्थ ते १०० पैकी ९५ वेळा बरोबर असतं असं नाही. प्रशिक्षणात न वापरलेले काही कॅमेरे घ्या, त्यांच्या फोटोंवरचे गुण ०.१ च्या टप्प्यांत वाटा आणि प्रत्येक टप्प्यात प्रत्यक्ष किती उत्तरं बरोबर होती ते मोजा. ०.९ ते १ च्या टप्प्यात ८० टक्केच बरोबर निघाली तर मॉडेल फाजील आत्मविश्वासात आहे. दुरुस्ती सोपी असते: शेवटच्या थराचे आकडे एका स्थिरांकाने भागायचे आणि तो स्थिरांक याच फोटोंवरून ठरवायचा. मोहरबंद संच यासाठीही उघडायचा नाही.

आवाजांच्या कामात हे विशेष सांभाळावं लागतं. पक्ष्यांचे आवाज ओळखणारं बर्डनेट ध्वनिमुद्रणाचे ३ सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला गुण देतं. तो गुण म्हणजे शक्यता नव्हे आणि सगळ्या प्रजातींना एकच मर्यादा चालत नाही. प्रत्येक प्रजातीसाठी वेगवेगळ्या गुणांचे तुकडे ऐकून मर्यादा ठरवावी लागते.

## माणसांचं आणि मॉडेलचं मत एकत्र करणं

आधी प्रत्येक स्वयंसेवकाचा अंदाज हवा. साधारण वीस फोटोंमागे एक, उत्तर आधीच माहीत असलेला फोटो दाखवा. हे फोटो मोहरबंद संचातले नकोत. गुरुत्वीय भिंगं, म्हणजे मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवणाऱ्या दीर्घिका, शोधणाऱ्या स्पेस वॉर्प्स प्रकल्पात खऱ्या चित्रांत कृत्रिम भिंगं पेरून हेच केलं होतं. माहीत असलेली उत्तरं नसतील तर फक्त आपसांतल्या मतभेदांवरून प्रत्येकाचा बिनचूकपणा काढणारी डाविड-स्कीन पद्धत १९७९ पासून उपलब्ध आहे.

आता गणित. शंका फक्त कोल्हा की कुत्रा एवढीच आहे असं धरा. मॉडेल दुरुस्त खात्रीने 'कोल्हा' ०.७० म्हणतं, म्हणजे कोल्ह्याचं कुत्र्याशी पारडं ०.७० : ०.३०, भागाकार २.३३. पहिली स्वयंसेवक खरा कोल्हा ८० टक्के वेळा ओळखते आणि कुत्र्याला १० टक्के वेळा कोल्हा म्हणते. तिने 'कोल्हा' म्हटलं तर ०.८०/०.१० = ८ ने गुणायचं: १८.७, म्हणजे शक्यता १८.७/(१८.७ + १) = ०.९५. तेवढ्याच कुवतीच्या दुसऱ्यानेही तेच सांगितलं तर १४९, म्हणजे ०.९९३. मर्यादा ०.९९ ठेवली असेल तर फोटो दोन उत्तरांत संपला. पहिलीने 'कुत्रा' म्हटलं असतं तर ०.२०/०.९० = ०.२२ ने गुणून शक्यता ०.३४ वर आली असती आणि फोटो रांगेतच राहिला असता.

हा गुणाकार एकाच अटीवर बरोबर ठरतो: मतं स्वतंत्र हवीत. स्वयंसेवकाला आधीच 'मॉडेलच्या मते कोल्हा' असं दाखवलं तर त्याच्या उत्तरात मॉडेलचं मत मिसळतं आणि तुम्ही तेच मत दोनदा मोजता. म्हणून संशोधनासाठीच्या ओळखीत सूचना उत्तरानंतरच दाखवा. लोक स्वतः काढलेल्या जीवांच्या फोटोंची नोंद करतात त्या आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर २०१७ पासून सूचना आधी दिसते. नोंद करणाऱ्याला नाव सुचवलं जातं आणि तिथे ते योग्यच आहे, नाहीतर नवखा माणूस नोंदच करणार नाही. पण तिथली नोंद संशोधनायोग्य ठरते ती दोन तृतीयांशाहून जास्त सहमतीवर. नोंद करणारा आणि सहमती देणारा दोघांनीही तीच सूचना स्वीकारली असेल तर दोन स्वतंत्र मतं मिळाली असं धरू नका. अशी सामग्री वापरताना ओळख सूचनेवरून झाली का, हा रकाना तपासा.

## स्वयंसेवकांच्या पदरात काय टाकायचं

मॉडेल सोपे फोटो संपवू लागलं की माणसांपुढे फक्त धूसर, अर्धवट फोटो उरतात. कागदावर ही विभागणी फार कार्यक्षम दिसते. प्रत्यक्षात लोक कंटाळून निघून जातात आणि नव्यांना शिकायला सोपी उदाहरणंच मिळत नाहीत. सेरेंगेटीच्या नोंदींवर २०१५ साली झालेल्या अभ्यासात तर रिकाम्या फोटोंमुळे सहभाग वाढल्याचं दिसलं होतं. रांगेत साधारण ७० टक्के शंकास्पद आणि ३० टक्के यादृच्छिक फोटो ठेवा. या ३० टक्क्यांचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे: मॉडेलची कामगिरी घसरते आहे का, हे फक्त त्यांच्यावरूनच कळतं.

नवख्यांसाठी पायऱ्या ठेवता येतात. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांच्या नोंदींतले खोटे धक्के ओळखणाऱ्या ग्रॅव्हिटी स्पाय प्रकल्पात सुरुवातीला मॉडेलला पक्की खात्री असलेले मोजकेच प्रकार दाखवतात, आणि बरोबर उत्तरं देणाऱ्याला पुढची पातळी उघडते. मॉडेल इथे शिक्षकाचं काम करतं.

उत्तरांच्या यादीत 'यातलं काहीच नाही' आणि सोबत दोन ओळी लिहायची जागा असलीच पाहिजे. ग्रॅव्हिटी स्पायमध्ये संशोधकांच्या यादीत नसलेले प्रकार स्वयंसेवकांनीच सुचवले. २००७ साली हानी व्हान आर्केल या डच शिक्षिकेने गॅलेक्सी झूच्या एका चित्रात दीर्घिकेशेजारचा निळसर डाग दाखवून 'हे काय?' असं विचारलं. तो वायूचा प्रचंड प्रकाशमान ढग निघाला. ठरलेल्या प्रकारांवर शिकलेलं मॉडेल त्या चित्राला त्यातलाच एखादा प्रकार देऊन पुढे गेलं असतं. 'यातलं काहीच नाही' असं आलेले सगळे फोटो आठवड्यातून एकदा संशोधकाने स्वतः बघावेत.

लेबलं मॉडेल शिकवायला वापरली जाणार आहेत हे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सांगा. नंतर कळलं की लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

## पुन्हा शिकवताना

नवीन हंगाम, नवे कॅमेरे, दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश यातलं काहीही बदललं की यादृच्छिक हिश्शावरची अचूकता तपासा. तीन-चार टक्क्यांनी घसरली तर पुन्हा प्रशिक्षण द्या. मात्र मॉडेलने एकट्याने दिलेली लेबलं प्रशिक्षणात परत घालू नका. आपलीच चूक ते पुढच्या फेरीत आणखी खात्रीने सांगेल. हे टाळायचं तर प्रत्येक ओळखीसोबत पाच गोष्टी पहिल्या दिवसापासून साठवा: उत्तर कोणी दिलं, मॉडेल असेल तर कुठली आवृत्ती, मूळ गुण किती, सूचना दिसत होती का, आणि फोटो रांगेत यादृच्छिक आला की शंकास्पद म्हणून. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर शंकास्पद फोटोंच्या जास्तीच्या प्रमाणाची भरपाई विश्लेषणात करताच येत नाही.

## सामग्री खुली करताना

अंतिम नावासोबत मतांची विभागणीही द्या. जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या साठ्यावर पाठवायची असेल तर डार्विन कोअर या अशा नोंदींसाठीच्या मानकाच्या ठरलेल्या रकान्यांत मांडा आणि ओळख माणसांनी केली, मॉडेलने केली की दोघांनी मिळून, हे नोंदीतच लिहा. फोटो आणि नोंदी यांचे परवाने वेगळे असू शकतात. नोंदींना सीसी-झिरो (कुठलीच अट नाही) किंवा सीसी-बाय (फक्त श्रेय देण्याची अट) परवाना ठेवला तर पुढच्या संशोधकाला अडचण येत नाही. शिकारीचा धोका असलेल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण लपवा. आयनॅचरलिस्ट अशा नोंदी ०.२ × ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. पण नकाशा धूसर केला आणि फोटोत मागे ओळखू येणारा सुळका तसाच राहिला, किंवा त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या प्रजातीच्या नोंदी नेमक्या ठिकाणासह बाहेर गेल्या, तर लपवाछपवी फुकट जाते. म्हणून अशी प्रजाती एकदाही दिसलेल्या कॅमेऱ्याच्या सगळ्याच नोंदींचं ठिकाण धूसर करा.